उठलात का?

४ नोव्हेंबर

भुंग्या, तुला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र खालच्या इस्त्रीवाल्याने वर आणून दिलं. अक्षर तुझं आहे हे ओळखेपर्यंत मी तुला आजारी पाडली, तुझ्या आईची नोकरी घालवली आणि तुमच्या घराचं छप्पर उडवलं. उघडलं तर आत गृहपाठ.

नववीच्या मुलांना शाळेत धंदा शिकवतात हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमच्या वेळी शाळा सुटली की धंदा सुरू व्हायचा. माझी सातवीत सुटली आणि हातात कानस आली. डोळे साथ देत होते तोवर लोकांच्या दारांना कड्याकुलपं बसवली. तुमच्या व्यवसायाच्या बाई म्हणतात, धंदा वस्तूपासून सुरू होत नाही, कुणाच्या तरी अडचणीपासून होतो. खरं आहे. लोक घाबरले म्हणून मी जेवलो. पण हे वर्गात शिकवायचं? एवढ्याशा पोरांना? तुला कुणी फसवलं तर? तू कुणाला फसवलंस तर?

असो. तू लिहितेस, ‘आजोबा, फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून पत्रानेच कळवा. तुम्हाला दिवसभरात कशाची भीती वाटते? खरं लिहा, मार्क आहेत.’ मार्कांसाठी लिहितो.

सकाळी गॅसची. बंद केला की नाही ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येतो आणि परत येताना जिन्याची भीती वाटते, कारण वळणावरचा दिवा गेलाय. मीटर बघायला येणाऱ्या माणसाची, कारण तो दर वेळी वेगळा असतो. दार वाजलं तर भीती आणि दिवसभर वाजलं नाही तर जास्त. तुझी आई म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. असेल. निदान कुणीतरी आलं म्हणता येईल.

सगळ्यात मोठी लिहायची राहिली. माझ्या दाराला आतून तीन कड्या आहेत. वरची, मधली, खालची. माझ्या हातच्या. बाहेरून कुणाचा बाप आला तरी उघडायच्या नाहीत. चोराला घाबरून बसवल्या. आता अंथरुणावर पडलं की वाटतं, मी आत कोसळलो आणि उठता आलं नाही, तर हाक ऐकून धावत आलेला माणूस बाहेर उभा राहील. आणि त्याला अडवणारा मीच असेन.

हे बाईंना दाखवू नकोस. गॅसचं दाखव.

तुझा आजोबा


१२ नोव्हेंबर

प्रिय आजोबा, नमस्कार, आणि आधीच माफी.

बाईंना दाखवलं. म्हणजे मी गॅसचंच दाखवत होते, पण त्यांनी पान उलटलं. मग म्हणाल्या, “वर्गात वाचू?” मी हो म्हटलं. आजोबा, आमचा वर्ग म्हणजे मासळीबाजार. पण कड्यांपाशी आल्यावर मागच्या बाकावरचा लांब्यासुद्धा गप्प झाला, आणि लांब्या झोपेतही गप्प नसतो.

आता ऐका. सहामाही संपेपर्यंत प्रत्येक गटाने खराखुरा धंदा चालवायचा आहे. नाटक नाही. परक्या माणसाने खिशात हात घालून काहीतरी दिलं पाहिजे. एक गट मोबाइलची कव्हरं रंगवतोय. एक गट केक करतो आणि स्वतःच संपवतो. आमच्या गटात मी, लांब्या आणि वकील. वकील म्हणजे एक मुलगी आहे, ‘आज सोमवार’ म्हटलं तरी पुरावा मागते.

आमचा धंदा तुमच्या कड्यांतून निघाला! आमच्या भागात एकटी राहणारी म्हातारी माणसं किती आहेत, ते आम्ही घरोघर जाऊन विचारलं. खूप आहेत. त्यांनी घराची एक किल्ली आमच्याकडे द्यायची. शाळेला जाताना आम्ही दार वाजवायचं. उत्तर आलं नाही तर उघडून आत जायचं. कंपनीचं नाव ‘उठलात का?’

नाव मी सुचवलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “धोका कुठे आहे ते अजून कुणी सांगितलेलं नाही.” आम्हाला तर एकही सापडत नाही. तुम्हाला सापडतो का?

तुमची भुंगा


१९ नोव्हेंबर

भुंग्या,

सापडतो का म्हणे! वाचल्यापासून माझी पाचावर धारण बसली आहे. इस्त्रीवाल्याने विचारलं, “काय हो, कोण गेलं?” मी म्हटलं, अजून कुणी नाही.

परक्याची किल्ली हातात घेऊ नकोस. माझं बाकी काही ऐकू नकोस, एवढं ऐक. आमच्या धंद्यात कुलूप बसवून झालं की सगळ्या किल्ल्या गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि आपले दोन्ही हात उघडे करून त्याला दाखवायचे. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं ते हे. कानस धरायची कशी ते नंतर. किल्ली ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे संशयही असतो. म्हातारं माणूस चष्मा फ्रिजमध्ये ठेवतं आणि चोर घरभर शोधतं. मला विचार. उद्या कुणाची अंगठी सापडली नाही तर बोट कुणाकडे वळेल? तीन पोरांकडे. मग तुमच्या बाई किती का चांगल्या असेनात.

दुसरं लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो. दार वाजवलं, उत्तर आलं नाही, म्हणून तू कुलूप उघडलंस. आत काय असेल, भुंग्या? मी कुलपं तोडून दिलेली आहेत. अशा घरांचीही दिली आहेत. कुलूप निघालं की मी हत्यारं उचलून मागे सरायचो, मोठी माणसं आत जायची. मी तेव्हा चांगला बाप्या होतो, तरी जेवण जायचं नाही. ते तू इतक्यात बघू नयेस.

किल्ली शेजारच्या एखाद्या मोठ्या माणसाकडे राहू दे. तुम्ही बाहेरून काहीतरी खूण बघा. खूण दिसली नाही तर शेजाऱ्याला सांगा, आणि तो आत जाईल तेव्हा तुम्ही जिन्यात थांबा. जिन्यात. उंबऱ्यावर नाही.

माझं ऐकून बाई रागावल्या तर मला कळव, म्हणजे मी त्याचीही काळजी करीन.

आजोबा


२८ नोव्हेंबर

प्रिय आजोबा,

बाई रागावल्या नाहीत. तुमचं पत्र वाचून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हात उघडे करून दाखवा’, आणि पूर्ण तास त्यावर बोलल्या. वकील म्हणाली, “पण बाई, किल्ली नसेल तर आपण विकतोय काय?” बाई म्हणाल्या, “ते तुम्हीच शोधा.”

तर आता असं ठरलंय. किल्ली शेजाऱ्याकडे. खूण म्हणजे पिवळं कापड. लांब्याच्या आईने जुन्या पडद्याचे तुकडे शिवून दिले. गिऱ्हाइकाने सकाळी उठलं की ते बाहेरच्या कडीला बांधायचं, संध्याकाळी सोडून आत घ्यायचं. आमच्याकडची दारं गॅलरीत उघडतात, म्हणून आम्ही शाळेला जाताना खालूनच बघतो. कापड दिसलं की पुढे. दिसलं नाही की शेजारी. जिन्यात थांबायचं, उंबऱ्यावर नाही, हेही लिहून घेतलंय.

गिऱ्हाइकं मिळालीसुद्धा! पहिल्या म्हणजे सिस्टर. पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यामुळे सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. करारावर सही करताना म्हणाल्या, “मी आयुष्यभर दुसऱ्यांना उठवलं, आता मला तीन कार्टी उठवणार.” दुसरे एक निवृत्त ड्रायव्हर, त्यांच्याकडे कुत्रा आहे आणि तो लांब्याला ओळखून भुंकतो.

आणि तिसरे तुम्ही. नाही म्हणायचं नाही. कड्या तुमच्या, कल्पना तुमची. तुमचं कापड मला इथून दिसणार नाही, म्हणून तुम्ही दर सोमवारी एक कार्ड टाकायचं. ‘मी ठीक आहे’ एवढं पुरे. तुमची फी आम्ही ठरवली आहे. आमच्या धंद्यात काय काय बिघडू शकतं याचे प्रश्न पाठवायचे. घाबरण्यात तुमचा हात कोण धरणार, असं आई म्हणाली, मी नाही.

भुंगा


४ डिसेंबर

भुंग्या,

तुझ्या आईला सांग, माझा हात धरायला ती लहानपणी शाळेपर्यंत रोज यायची, तेव्हा बरा लागायचा.

फी पाठवतो. वाऱ्याने कापड उडालं तर? कुत्र्याने खाल्लं तर? पिवळं कापड असलेल्या घरात एकटं म्हातारं माणूस राहतं, हे चोराला कळलं तर? शाळेला सुट्टी लागल्यावर कोण बघणार, की सुट्टीत म्हातारी माणसं पडत नाहीत? शेजारी गावाला गेला तर? सकाळी कापड बांधलं आणि दुपारी पडलं तर? कापड संध्याकाळी आत घेतात की नाही, हे कुणी बघतं का? तुमच्यातलं एखादं आजारी पडलं तर? धंदा चालला आणि गिऱ्हाइकं वाढली तर शाळा बुडेल का? नाही चालला तर मार्क जातील का?

आणखी आहेत, पण कागद संपत आला. हात जरा ठणकतो. नवीन पेन धड नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय. जिन्यात थोडा घसरलो होतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. आईला सांगू नकोस, म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच.

सोमवारच्या कार्डाची अजिबात काळजी करू नकोस. त्याची मी पक्की व्यवस्था केली आहे. एकही सोमवार चुकणार नाही.

आजोबा


८ डिसेंबर, सोमवार (कार्ड)

भुंग्या, मी ठणठणीत आहे. थंडी पडू लागली आहे. अभ्यास कर. आजोबा


१३ डिसेंबर

आजोबा,

पत्राला सुरुवात कशी करायची ते सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते. सिस्टर पडल्या. आता रुग्णालयात आहेत. जिवंत आहेत. हे आधी लिहिलं, नाहीतर तुम्ही मधल्या ओळी वाचणार नाही.

तुमची फी आम्ही तिघांत वाटून घेतली होती. प्रत्येकाने काही प्रश्नांची उत्तरं आणायची. माझ्या वाट्याला आला तो, कापड संध्याकाळी आत घेतात की नाही हे कुणी बघतं का. लांब्या म्हणाला, “आजोबांचं काहीतरीच!” मी पण हसले होते. तरी काल शिकवणीहून येताना सिस्टरच्या घरावरून आले. दिवे लागायची वेळ होती. कापड कडीलाच होतं.

वाटलं, विसरल्या असतील. वर जाऊन घंटी वाजवली. आतून काही नाही. मग ऐकू आलं, नळ चालू होता. मी थांबले, पण तो बंदच होईना. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्या म्हणाल्या, “तू इथेच थांब गं.” मी जिन्यात थांबले. उंबऱ्यावर नाही. पण आजोबा, जिन्यातूनसुद्धा सगळं ऐकू येतं.

त्या आदल्या रात्रीपासून न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलंय. स्ट्रेचरवरून खाली नेताना मी म्हटलं, “सिस्टर, पण सकाळी कापड होतं.” तर त्या माझीच समजूत घालायला लागल्या. म्हणाल्या, “अगं, मला सकाळी उठायला उशीर होतो. कापड नाही दिसलं तर तुम्ही थांबाल, शाळेला उशीर होईल. म्हणून मी रोज झोपतानाच बांधून ठेवायची.”

रोज, आजोबा. पहिल्या दिवसापासून. आम्ही रोज खालून बघायचो आणि पुढे जायचो. काल सकाळी तर मी वर बघून हात हलवला होता. मी कापडाला हात हलवला आणि आत त्या पडल्या होत्या.

बाई कुणाला ओरडल्या नाहीत. तिघांना समोर बसवून त्यांनी विचारलं, “तुम्ही काय विकत होता?” लांब्या म्हणाला, “लक्ष.” बाई म्हणाल्या, “आणि गिऱ्हाइकाला काय मिळालं?” मी म्हटलं, “कापड.”

मुख्याध्यापक म्हणतात, हे बंद करा, त्यापेक्षा केक विका. बाई म्हणतात, धंदा तुमचा आहे, नवीन वर्षात शाळा उघडली की तुमचा निर्णय सांगा. लांब्याला बंद करायचाय. वकील दोन्ही बाजूंनी बोलते. मला काहीच कळत नाही. मला भीती वाटते. वर्गात कुणाची खुर्ची सरकली तरी मी दचकून उभी राहते. तुम्हाला रोज असंच वाटतं का?

तुम्ही सांगा, बंद करू का? आई नाही, बाई नाही, तुम्ही सांगा. लवकर.

भुंगा


१५ डिसेंबर, सोमवार (कार्ड)

भुंग्या, मी ठणठणीत आहे. इस्त्रीवाल्याने नवी इस्त्री घेतली. तुमचा धंदा जोरात असेल. आजोबा


२२ डिसेंबर, सोमवार (कार्ड)

भुंग्या, मी ठणठणीत आहे. थंडी वाढली आहे. कानाला बांधून शाळेत जा. आजोबा


२४ डिसेंबर

आजोबा,

तुमची दोन कार्डं आली. पहिलं आलं तेव्हा वाटलं, माझं पत्र पोचायच्या आधी टाकलं असेल. पण दुसऱ्यातही काही नाही. कानाला काय बांधू? मी तुम्हाला इतकं मोठं विचारलं होतं.

रागावलात का? तुम्ही सांगितलं होतं ते सगळं केलं मी. की सिस्टरचं वाचून घाबरलात? घाबरला असाल तर तसं लिहा, मला चालेल. उलट बरं वाटेल. पण ‘ठणठणीत’ लिहू नका. तुम्ही आयुष्यात कधी ठणठणीत नव्हता. तुम्हाला नेहमी काहीतरी होत असतं.

आई म्हणते, म्हातारं माणूस आहे, विसरले असतील. तुम्ही पत्र विसरता? तुम्ही गॅस विसरत नाही.

वाट बघते.

भुंगा


२९ डिसेंबर, सोमवार (कार्ड)

भुंग्या, मी ठणठणीत आहे. सिस्टरना माझा नमस्कार सांग. कापड रोज वेळेवर दिसतं ना? आजोबा


२ जानेवारी

आजोबा,

हे पत्र टपालाने टाकत नाही. आईजवळ देते आहे. ती आत्ताच्या बसने तुमच्याकडे निघाली आहे. ती येऊन पोचेल आणि हे तुमच्या हातात देईल. देईलच.

कालचं कार्ड वाचून मी आईला कचेरीत फोन केला. मला नीट बोलताही येईना. मी तुम्हाला दोनदा लिहिलं की सिस्टर रुग्णालयात आहेत, आणि तुम्ही विचारता कापड वेळेवर दिसतं ना. मग मी सगळी कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकाच पेनची आहेत. चारही. एकाही कार्डात माझ्या पत्रातलं काही नाही. एकाही कार्डात तुम्हाला कशाची भीती वाटलेली नाही.

आजोबा, तुम्ही ही आधीच लिहून ठेवलीत का? सिस्टरसारखी? मग तुम्ही खरे ठीक कधी होता? मी कुठल्या सोमवारी कापडाला हात हलवला?

आई फोन लावते आहे, नुसता वाजतो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून वाजतो, असं ती म्हणते. बोलताना तिने बॅगेत एकच चप्पल भरली. मी दुसरी आणून दिली.

बस आली. आजोबा, तीन कड्या आहेत हे मी आईला सांगितलंय. हे वाचत असाल तर आधी मला काहीतरी घाबरट लिहून पाठवा.

भुंगा


६ जानेवारी

भुंग्या,

हे पत्र तुझी आई लिहिते आहे. मी सांगतो, ती उतरवते, मधेच नाक ओढते आणि माझ्यावर ओरडते. (मी ओरडत नाही. यांना निम्मं ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलते. — आई)

मी रुग्णालयात आहे. उजवं मनगट मोडलंय, बरगड्या मोडल्यात, त्यातून छातीत पाणी झालं म्हणून अजून सोडत नाहीत. खिडकीजवळची खाट आहे. वर पंखा आहे, तो हलतो, त्याच्या खाली मी आहे, त्यामुळे झोप नाही. घाबरट लिहायला सांगितलंस, हे घे. पंखा खरंच हलतो.

झालं असं. जिन्यात घसरल्यापासून हात दगा देणार असं वाटत होतं. म्हटलं, हात चालतोय तोवर कार्डं लिहून ठेवू. एका बैठकीत सगळी लिहिली आणि इस्त्रीवाल्याला दिली. दर सोमवारी एक टाक म्हटलं. का, तर तुला काळजी नको. तुझा अभ्यास, तुझा धंदा, त्यात हे म्हातारं कशाला.

पहिलं कार्ड गेलं त्याच आठवड्यात मी स्टुलावरून पडलो. दिवा बदलत होतो. उठता येईना. हातोडी हाताशी आली, तिने फरशी ठोकत राहिलो. खाली इस्त्रीवाल्याला आवाज जात होता. त्याला वाटलं, आज म्हाताऱ्याला कुठलं तरी काम मिळालं, चला बरं झालं. दुपारी चहा घेऊन वर आला तेव्हा कळलं त्याला.

मग कड्या. त्यांनी इमान राखलं. इस्त्रीवाला आणि सुतार, दोघे घामाघूम. मी आतून ओरडून सांगत होतो, बिजागरीकडून घाव घाला. वरची गेली, खालची गेली. मधली हलेना, शेवटी दारच बिजागरीतून उखडलं. भुंग्या, अंगात कळा येत होत्या, जीव जाईल असं वाटत होतं, तरी मधली हलली नाही तेव्हा जरासा अभिमान वाटला. त्याची आता भीती वाटते. (मला राग येतो. — आई)

इथे आणल्यावर मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, मुलीला कळवू नकोस, कार्डं टाकत राहा. तो शब्दाचा पक्का आणि डोक्याचा कच्चा. टाकत राहिला. तुझी पत्रं आली ती त्याने माझ्या धुतलेल्या सदऱ्यांबरोबर घडी करून फळीवर ठेवली, मी घरी आलो की देऊ म्हणून. तुझी आई आली तेव्हा दार उखडलेलं, खोली रिकामी, आणि तो कपडे पोचवायला गेलेला. तिने जिन्यात बसून काय काय भोगलं ते ती सांगत नाही. (सांगणार पण नाही. — आई)

तुझी सगळी पत्रं मी परवा एका दमात ऐकली. सिस्टरचं आलं तेव्हा तुझ्या आईला म्हटलं, थांब. त्या बाईने आणि मी एकमेकांना पाहिलेलंही नाही, आणि दोघांनी एकच खोड केली. कापड तुमच्यासाठी बांधलं. कार्ड तुझ्यासाठी लिहिलं. आपल्याला कुणी बघावं म्हणून सोय झाली, आणि आम्ही ती बघणाऱ्याला त्रास नको म्हणून मोडली.

इस्त्रीवाल्याच्या खणात उरलेली कार्डं होती. तुझ्या आईने आणली. एकेक वाचून दाखवत होती. हसत होती आधी. एप्रिलचं आलं: ‘भुंग्या, उन्हाळा फार आहे, पण मी ठणठणीत.’ मग तिला पुढचं वाचवेना. पुढच्या पावसाळ्यापर्यंतची आहेत. भुंग्या, मी त्या दिवशी फरशीवर संपलो असतो आणि बातमी द्यायला कुणी उरलं नसतं, तरी पावसाळ्यापर्यंत दर सोमवारी तुला मी ठणठणीत असल्याचं कळत राहिलं असतं. इतकी वर्षं मी घाबरलो, पण या एका गोष्टीला घाबरायचं सुचलं नव्हतं. कार्डं फाडायला सांगितली. आईने फाडली.

आता तुझा प्रश्न. बंद करू नकोस. बंद केलंस तर सिस्टरसारख्या सगळ्या पुन्हा एकट्या, आणि तुम्ही केक विकणार. पण कापड टाकून द्या. कापड आधी बांधता येतं, कार्ड आधी लिहिता येतं. माणसाला असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर आदल्या रात्री तयार ठेवता येणार नाही. रोज नवं. उत्तर यायला उशीर झाला तर शाळेला उशीर होऊ दे. त्याची काळजी मी करतो.

तुला भीती वाटते म्हणालीस. मला रोज वाटते. मरत नाही माणूस त्याने.

सुतार नवीन दार बसवतोय. एकच कडी. बाहेरून एक कुलूप, त्याची दुसरी किल्ली इस्त्रीवाल्याकडे. किल्ली त्याच्या तळहातावर ठेवताना किती घाबरायचं, त्याची आत्तापासून तयारी करतो आहे.

आजोबा


१३ जानेवारी

आजोबा,

बंद नाही केलं.

मुख्याध्यापकांसमोर वकील अशी बोलली की शेवटी ते म्हणाले, “बरं बरं, पण पालकांच्या सह्या आणा.” बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘आदल्या रात्री तयार ठेवता येणार नाही असा प्रश्न’. आम्ही रोज मधल्या सुट्टीत दुसऱ्या दिवसाचा प्रश्न ठरवतो. सकाळी दाराबाहेर उभं राहून विचारतो आणि आतून आवाज येईपर्यंत हलत नाही. ड्रायव्हरकाका पहिल्या दिवशी वैतागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतकं मोठं उत्तर दिलं की प्रार्थना बुडाली. मी अजून दार वाजवल्यावर मनात आकडे मोजते. आवाज आला की थांबते.

सिस्टर घरी आल्यात, वॉकरने चालतात. आम्ही माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, “मी आधी मागणार, मी मोठी आहे.” मग कुणीच नाही मागितली. तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा खूप वेळ हसल्या, आणि मग डोळे पुसून म्हणाल्या, “त्या माणसाला सांग, चोरून औषध टाकून देणारे पेशंट मी लांबून ओळखते.”

तुमचा सोमवार चालूच आहे. प्रश्न शनिवारी माझ्याकडून निघेल. हा पहिला: सोमवारी सकाळी खिडकीतून बाहेर सगळ्यात आधी काय दिसलं?

डाव्या हाताने लिहा. आईकडून लिहून घ्यायचं नाही.

भुंगा


१९ जानेवारी, सोमवार (कार्ड, डाव्या हाताचं)

भुंग्या, कालच घरी आलो. सकाळी पडदा सारला, तर समोर इस्त्रीवाल्याच्या दोरीवर पांढरा सदरा. ओला, दोन्ही बाह्या खाली सोडलेल्या. मला वाटलं कुणीतरी लटकतंय. किंचाळलो. तो खालून धावत वर आला आणि किल्लीने दार उघडून आत शिरला. तेव्हा आणखी घाबरलो. उठलो आहे. आजोबा